बाजेखालची शेगडी, कातबोळ आणि बाळंतपणानंतरच्या कळा

तेरणाकाठची | शनिवार, रात्री ११.४०

लेकरू आत्ताच डोळा लागून पडलंय. एका हाताने टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखन पोटात घाला. विषयही पोटाचाच आहे.

दुसरं बाळंतपण, मुलगी झाली. प्रसूती साधी, टाके तीन. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून थेट माहेरी आले, औसा तालुक्यात. काल पाचवी झाली, आज सहावा दिवस. थोरल्याच्या वेळी असं काही दुखल्याचं आठवत नाही. या वेळी मात्र लेकीनं दूध ओढायला सुरुवात केली की ओटीपोटात ओलं धुणं पिळावं तसं पिळवटतं. पहिले तीन दिवस तर पाजायला घ्यायच्या आधी मी उशीचा कोपरा दातात धरायचे. आता उतार आहे, पण संपलेलं नाही. दवाखान्यातून गोळ्या दिल्यात, त्या घेतल्या की चार-पाच तास बरे जातात.

गोळ्यांवर भरवसा फक्त माझा. घरात राज्य आजीचं, म्हणजे आईच्या आईचं. वय कुणालाच नक्की माहीत नाही, रझाकारांच्या वेळी परकरात होते म्हणते. गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. ती म्हणते, "पिशवी लेकराला हुडकूलालीय माय. नऊ महिने आत होतं, आता सापडना म्हणून फिरूलालीय."

तिचा एक डबा आहे. जुना डालड्याचा पत्र्याचा, झाकणाला सुतळी. आत लुगड्याच्या चिंध्यांच्या पुरचुंड्या. तिला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे ओव्याला एक गाठ, बाळंतशेपाला दोन, पिंपळमुळाला काळा दोरा, सुंठेला लाल. रात्री लाइट गेलेली असताना अंधारात हात घालून तिनं बरोब्बर वावडिंग काढलं, मी बघितलंय.

तर सध्या माझा दिवस असा. पहाटे सुंठ, पिंपळमूळ, गूळ, तूप यांची सुपारीएवढी गोळी. मग तिळाच्या कोमट तेलानं अंग रगडणं. त्यावर निरगुडीचा पाला उकळलेलं कडकडीत पाणी, कमरेवर तांब्यामागून तांब्या. मग ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकून धुरी. मग पोटावर जुन्या नऊवारीचा पट्टा आवळून बाजेवर पडायचं आणि बाजेखाली गोवऱ्यांच्या इंगळांची शेगडी. दार-खिडकी बंद, वारा लागतो म्हणून. जेवण झालं की विडा. रात्री कातबोळ, हरभऱ्याएवढं, तुपात. ते इतकं कडू की डोळ्यांतून पाणी येतं आणि दाढेला चिकटून बसतं ते सकाळपर्यंत.

खोटं का बोलू, निरगुडीच्या पाण्यानं आणि पट्ट्यानं खरंच बरं वाटतं. शेगडीनं मात्र गुदमरायला होतं, रोज सकाळी डोकं जड. आईला बोलले तर आई आजीकडं बघते, आजी छताकडं.

विचारायचं हे की यातलं नेमकं काय कामाचं आहे आणि काय नुसतं रीत म्हणून चाललंय? कातबोळ आणि दवाखान्याच्या गोळ्या एकत्र चालतात का? आणि शेगडीचं काय करू?

---

येसर | रविवार, सकाळी ६.५५

लेकीचं अभिनंदन! आमच्या लातुरात दुसरी लेक म्हणलं की अजून चार जण तोंड वाकडं करतात, तू इतक्या आनंदानं लिहिलंस ते वाचून बरं वाटलं.

कळांचं म्हणशील तर मला तिसऱ्या वेळी सगळ्यात जास्त होत्या. पहिलटकरणीला कळत पण नाही. माझ्या सासूबाई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून ओटीपोटाला शेकायच्या. आधी स्वतःच्या मनगटावर ठेवून बघायच्या, मग मला. मिठाचा शेक बराच वेळ टिकतो. एरंडाच्या पानाला तेल लावून, तव्यावर नरम करून बांधायचं, ते पण करायच्या.

खायला हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, शेपूची भाजी, अळिवाची खीर. तिखट बंद. सगळ्यात वाईट म्हणजे पाणी बंद! "पाणी पिलं की पोट सुटतंय" म्हणून दिवसाला दोन फुलपात्री. मी नळाचं चोरून पिलेलं आहे. तुला देतात का नीट?

---

हुलगा | रविवार, सकाळी ७.२०

डब्याचा फोटो टाका ना.

---

एसटी_डेपो | रविवार, सकाळी ८.०५

पुरुष आयडी आहे, आगाऊपणाची माफी. बायकोच्या वेळी सासूबाईंनी बाळंतशेपा आणायला पाठवलं. मी वाण्याकडून पाव किलो बडीशेप घेऊन आलो, वर मोठ्या तोऱ्यात म्हणालो, चांगली हिरवीगार मिळाली. त्यानंतर जावई म्हणून माझी जी काही पत होती ती गेली. बाळंतशेपा म्हणजे शेपूचं बी, चपटं, तपकिरी, कडेला फिकट झालर असते. नव्या बापांनी नोंद घ्यावी.

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी २.१०

मी स्त्रीरोगाची डॉक्टर आहे, मराठवाड्यातच, सरकारी नोकरीत. तेरणाकाठची, तुझी आजी जे म्हणतेय ते शब्द सोडले तर फारसं चुकीचं नाही. पिशवी फिरत नाही, आवळते.

प्रसूतीनंतर लगेच गर्भाशय साधारण किलोभराचं असतं आणि बेंबीपर्यंत हाताला लागतं. सहा आठवड्यांत ते साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. रोज साधारण बोटभर खाली उतरतं, दहा-चौदा दिवसांत पोटावरून लागायचं बंद होतं. हे आवळणं म्हणजेच त्या कळा. वार सुटली त्या जागेच्या रक्तवाहिन्या या आवळण्यानंच दाबल्या जातात आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. बाळ ओढायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं. त्यानं दूध खाली येतं आणि पिशवीही आवळते, म्हणून नेमकं पाजतानाच दुखतं. पहिल्या खेपेला स्नायू घट्ट असतो, एकसंध आवळलेला राहतो. पुढच्या खेपांना तो आवळतो, सैल पडतो, परत आवळतो, म्हणून कळा जास्त. बहुतेकींना दोन-तीन दिवस, काहींना आठवडाभर.

गोळ्या: पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात. पित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा त्रास, दमा किंवा बीपी वाढलेलं असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. पाजायच्या अर्धा तास आधी घेतली तर जास्त उपयोग. आणि लघवी तुंबवू नको, पाजायच्या आधी जाऊन ये. भरलेली लघवीची पिशवी गर्भाशयाला वर ढकलते, ते नीट आवळू शकत नाही, कळाही वाढतात आणि रक्तही. एवढी साधी गोष्ट, पण बाजेवरून उतरू न दिलेल्या बाळंतिणी तासन् तास तुंबवून पडलेल्या मी बघते.

आता काळजीची गोष्ट. रोज सकाळी डोकं जड होतं असं तू सहज लिहून गेलीस. त्याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही मला आवडत नाहीत. एक, बाळंतपणानंतरही पहिले काही आठवडे बीपी वाढू शकतं, गरोदरपणी नॉर्मल असलं तरी. आजच्या आज मोजून घे. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली उजवीकडे दुखलं तर वाट बघायची नाही, निघायचं. दुसरं, शेगडी. बंद खोलीत इंगळ धुमसले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं ही त्याचीच पहिली खूण. आणि त्या खोलीत तुझ्याबरोबर सहा दिवसांचं लेकरू आहे. आजीचा मान ठेव, शेगडी बाहेर ठेव.

ताप, घाण वास येणारा स्राव, तासाभरात पॅड भिजणं, पोटरी सुजून दुखणं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी रोज वाढत जाणं, यातलं काहीही असेल तर कुठलाच काढा करत बसू नका. १०८ ला फोन करा. १०२ ची गाडीही बाळंतिणीसाठी फुकट असते.

---

कोरडवाहू | रविवार, दुपारी ३.३०

डॉक्टरताईंनी सांगितलंच आहे, तरी एक प्रश्न. कळा तीन ते सात दिवसांत आपोआप थांबतात. काढा दिला तरी थांबतात, नाही दिला तरी. मग श्रेय काढ्याला का? आमच्याकडे बिब्बा दिला होता वहिनीला, कंबर भरून येते म्हणून. तोंडापासून मांडीपर्यंत उतला. आठ दिवस लेकराला जवळ घेता येईना. तेव्हापासून या डब्यांवरचा माझा विश्वास उडालाय. शंभर बायकांना बरं वाटलं म्हणजे औषध ठरत नाही.

---

येसर | रविवार, दुपारी ३.५०

बिब्ब्याला माझाही हात जोडून नकार. गोडंबी लाडवात घालतात ती वेगळी, आतला गर असतो, पण तीसुद्धा ज्यांना बिब्बा उततो त्यांनी टाळावी. बाकी गरम पाण्यानं कंबर मोकळी होते हे कळायला शंभर बायका लागत नाहीत हो दादा, एक कंबर पुरते.

---

कोरडवाहू | रविवार, दुपारी ४.०२

गरम पाण्याबद्दल मी बोललोच नाही. निरगुडीबद्दल बोलतोय.

---

काष्ठौषधी | रविवार, रात्री ९.१५

वैद्य आहे, पंचवीस वर्षं परभणी भागात. कोरडवाहूंचा मुद्दा मला मान्य आहे, फार थोड्या वैद्यांना असतो. आपोआप बरं होणाऱ्या दुखण्यात कुणीही धन्वंतरी ठरतो.

पण या कळांना आयुर्वेदात नाव आहे, ही घरगुती समजूत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दहाव्या अध्यायात 'मक्कल्ल' म्हणून वर्णन आहे. प्रसूतीनंतर रक्त नीट निघून गेलं नाही की वायू ते अडवतो, बेंबीखाली गाठ होते, शूळ उठतो, पोट फुगतं, लघवी अडते. लघवी अडते, हे वाचून रात्रपाळी यांना गंमत वाटेल. आणि चरकानं सूतिकेला पिंपळी, पिंपळमूळ, चव्य, चित्रक, सुंठ घालून स्नेह पाजायला सांगितलाय, पोटाला तूप-तेल चोळून मोठ्या वस्त्रानं गुंडाळायला सांगितलंय, वायूला मोकळी जागा मिळू नये म्हणून. तेरणाकाठची यांच्या आजीची पहाटेची गोळी आणि नऊवारीचा पट्टा हे त्यातूनच झिरपत आलेलं दिसतंय, चव्य-चित्रक वाटेत गळाले. चित्रक गळाला हे उत्तमच झालं, ते घरी हाताळायचं द्रव्य नाही.

आता कातबोळ. इथं सावध व्हा. कात म्हणजे खैराचा, तुरट. बोळ मात्र बाजारात दोन वेगळ्या वस्तूंना म्हणतात. हिराबोळ हा झाडाचा डिंक, लालसर पिवळा, खडबडीत, चुरला तर सुगंध येतो. बाळंतिणीला पूर्वापार देतात तो हा. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस, त्यालाच एळिया म्हणतात. काळपट, काचेसारखा तुटतो, वास नकोसा. तो जहाल रेचक आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला नको, आईचंही पोट जातं आणि बाळाचंही बिघडू शकतं. दोन्ही कडूच, त्यामुळे चवीवरून कळत नाही. दुकानदार "बोळ द्या" म्हटलं की हाताला लागेल तो देतो. आजींच्या डब्यातला तुकडा उजेडात नेऊन बघा.

हिराबोळ असला तरी माझ्या मते रक्त जास्त जात असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर बंदच ठेवावा. सगळं व्यवस्थित असेल तरी मूगभर, आणि चार-पाच दिवसांवर नको.

दशमूळ काढ्याबद्दल कुणी विचारलं नाही पण विचारतीलच. बेल, शिवण, टेटू, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली, गोखरू, अशी दहा मुळं. सूज आणि वातावर मी वापरतो, ताजा काढा करून. तयार मिळतं ते दशमूलारिष्ट आंबवलेलं असतं, त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर छापलेलं असतं, चष्मा लावून वाचा. लेकरू पाजणाऱ्या बाईनं ते कपभर ढोसायची वस्तू नाही. आणि पुडीत बांधून दिलेली, वर काहीच न लिहिलेली 'बाळंतिणीची गोळी' कुणाकडूनही घेऊ नका, माझ्याकडूनही. आत कुठलं भस्म आहे ते कळत नाही.

निरगुडीबद्दल: वातहर म्हणून ग्रंथात आहे आणि मला गुण दिसतो. गुणातला गरम पाण्याचा वाटा किती आणि पाल्याचा किती, ते सुटं करून मी मोजलेलं नाही. कोरडवाहू, जिंकलात.

---

सिझर_दोनदा | रविवार, रात्री १०.०५

सिझरवालीनं यातलं काय करावं? माझ्या सासूबाई टाक्यावरच गरम वीट ठेवायला निघाल्या होत्या फडक्यात गुंडाळून.

---

रात्रपाळी | रविवार, रात्री ११.३०

टाक्यावर शेक नाही, तेल नाही, धुरी नाही, पाल्याचं पाणी नाही. जखम कोरडी ठेवायची. मणक्यात इंजेक्शन दिलेलं असतं तेव्हा काही तास खालच्या अंगाला भाजलेलं कळत नाही, त्या अवस्थेत कुणी मायेनं गरम वीट ठेवली आणि फोड आले, अशी बाई मी स्वतः तपासली आहे. हात-पाय-डोक्याला हलकं तेल चालेल. पोट रगडणं जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी बघेपर्यंत नाही. कळा सिझरनंतरही येतात, पिशवी तीच आहे.

खालून टाके असतील तर (तेरणाकाठची, तुला आहेत) तिथंही थेट धुरी घेऊ नको. ओव्या-शेपाचा धूर टाक्याला सुकवतो म्हणतात. कोमट पाण्यानं धुऊन, टिपून कोरडं ठेवलं तरी सुकतं, आणि भाजायची भीती नाही.

काष्ठौषधी, लघवीचं वाचून खरंच गंमत वाटली.

---

वस्तीवरची | सोमवार, दुपारी १.४५

मी आशा स्वयंसेविका आहे. बीड जिल्हा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आम्ही घरी सहा भेटी देतो, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. तेरणाकाठची, आज तुमचा आठवा दिवस, म्हणजे कालच तुमच्याकडं आशाताई यायला पाहिजे होत्या. नाही आल्या तर बोलावून घ्या. बीपीचं उपकेंद्रात होईल.

शेगडीबद्दल माझा अनुभव. "धूर वाईट" म्हणून सांगितलं की आज्या ऐकत नाहीत, आमच्या पिढ्या वाढल्या म्हणतात. मी आता वेगळं सांगते. म्हणते, आजी, तुमच्या वेळी घर कुडाचं होतं, वर धाब्याला धारं होतं, धूर निघून जायचा. आता स्लॅब आहे, काचेची खिडकी आहे, धूर लेकराच्या नाकात राहतो. हे पटतं त्यांना, कारण ते खरं आहे. शेगडी अंगणात पेटवायची, त्यावर पाणी तापवायचं, विटकर तापवायची, शेक द्यायचा. शेक बंद करायला सांगत नाही मी, खोलीतला विस्तव बंद करायला सांगते.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या आहेत. काढा चालू आहे म्हणून त्या फेकतात बायका, मी उकिरड्यावर पट्ट्या बघितल्यात. कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही घ्यायची, चहाबरोबर नाही. अळिवाचे लाडू गोळीच्या जागी नाहीत, गोळीच्या जोडीला आहेत.

आणखी एक लिहिते, विषय सोडून वाटलं तर माफ करा. हे सव्वा महिन्याचं सगळं वाचताना मला माझ्या तांड्यावरच्या बायका डोळ्यापुढं येतात. दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी एक बाई खोपीत बाळंत झाली, बाराव्या दिवशी फडात मोळ्या उचलत होती. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, ती बसली की खाडा. मी तिला विचारलं, पोटात कळा येत होत्या तेव्हा काय केलंस. म्हणाली, पाचटावर पालथी पडायची. एवढंच औषध. कुणी शेकलं नाही, कुणी रगडलं नाही. आता तिचं अंग, म्हणजे पिशवी, खाली येतंय.

---

मांजराकाठ | सोमवार, दुपारी २.३०

हे विषय सोडून नाही ताई. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ ला गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यात दवाखान्यांचा लोभ होता, ते झालंच. पण त्या बायका दवाखान्यापर्यंत का जात होत्या, तर कंबर, ओटीपोट, अंगावरून जाणं, अंग बाहेर येणं. पिशवी जागेवर यायच्या आत ओझी उचलली की काय होणार.

पालथं पडणं मात्र गमतीशीर आहे. डॉक्टरताई, याला काही अर्थ आहे का?

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.५०

आहे. पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपलं की गर्भाशयावर सतत दाब राहतो. आधी थोडी कळ वाढते, मग उतरते. आम्हीही सांगतो. नऊवारीच्या पट्ट्यानंही आधार वाटतो, फक्त श्वास कोंडेल इतका आवळायचा नाही आणि रात्री सोडायचा. पोट आत जातं वगैरे म्हणतात, त्याची हमी मी देणार नाही.

त्या बाईला तपासून घ्या. वेळेत बघितलं तर ओटीपोटाचे व्यायाम आहेत, आतून बसवायची रिंग आहे, प्रत्येक वेळी पिशवी काढावी लागत नाही.

---

वस्तीवरची | मंगळवार, सकाळी ६.३०

फेब्रुवारीत जिल्हा रुग्णालयात नेणार आहे तिला, उचल फिटली की. आधी ती येणार नाही.

---

हुलगा | मंगळवार, सकाळी ९.००

डब्याचा फोटो राहिलाच.

---

तेरणाकाठची | बुधवार, दुपारी १२.२०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस नेट नव्हतं, आणि मधे येळवस (वेळ अमावस्या) होती. अख्खं घर शेतात कोप घालून जेवायला गेलं, मी आणि लेक दोघीच बाजेवर. भज्जी आणि आंबिलीचा वास गावभर आणि माझ्या ताटात दूध-भाकरी. आंबील थंड म्हणून बाळंतिणीला नाही. डॉक्टरताई, आंबिलीनं नेमकं काय होतं हे मला कुणीतरी एकदा सांगाच.

आता हिशोब देते.

आशाताई सोमवारी आल्या होत्या. उपकेंद्रात नेऊन बीपी मोजलं, ११६/७४. म्हणजे डोकं जड व्हायचं कारण शेगडीच. वस्तीवरची, तुमचा धाराचा मुद्दा मी जसाच्या तसा आजीला सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, काठी घेऊन खोलीत गेली, वर स्लॅबकडं बघितलं, खिडकीची काच बोटानं वाजवून बघितली. बाहेर येऊन आईला म्हणाली, "खरंच की गं. धारं ठेवलंच न्हाई तुम्ही." आणि वर बाबांना बोलणी बसली, घर बांधताना अक्कल कुठं गेली होती म्हणून. शेगडी आता अंगणात आहे. दोन दिवस झाले, सकाळी डोकं हलकं आहे.

बोळ उजेडात नेला. पुरचुंडीत दोन प्रकारचे तुकडे निघाले! मोठे लालसर, हातावर चुरले तर देवळातल्यासारखा वास. आणि तीन-चार काळे, चकचकीत. आजीचं म्हणणं, काळे तिनं आणलेले नाहीत, मामानं मागच्या दिवाळीला शहरातून आणून त्यातच ओतले. तिची नजर आता अधू झालीय, वासावरून ओळखायची, पण एकत्र झाल्यावर सगळ्यालाच एक वास. काळे उकिरड्यात गेले. मला घरी आल्यावर पहिले दोन दिवस ढाळ झाली होती ती का, हे आता कळलं. मी अळिवाच्या खिरीला दोष देत होते. कातबोळ एकूणच बंद केलंय, आजीनंही हट्ट धरला नाही. तिला काळे तुकडे फार लागलेत. रात्री दोनदा म्हणाली, "माझ्या हातानं कधी असं झालं न्हवतं."

पाणी मागून पिते, तांब्या उशाशीच असतो. ओव्याचं कोमट पाणी दिलं तर आजीही खूश, मीही.

कळा जवळजवळ गेल्या. काल एकदाच आली, तीही लघवीला जायचं टाळलं तेव्हा. गोळी परवापासून घेतलेली नाही.

कोरडवाहू, निरगुडीचा पाला एक दिवस मिळाला नाही म्हणून नुसतं गरम पाणी घेतलं. बरं वाटलं. पण निरगुडीच्या पाण्याइतकं नाही. आता यावर वाद घालू नका, मी एकटीच आहे, शंभर नाही.

---

कोरडवाहू | बुधवार, दुपारी १२.४५

घालत नाही. तब्येतीला जपा.

---

काष्ठौषधी | बुधवार, रात्री ८.३०

आजींना सांगा, चूक त्यांची नाही. मी स्वतः एकदा दुकानातून आलेला बोळ न बघता कुटायला टाकला होता. तेव्हापासून प्रत्येक खडा फोडून बघतो.

---

रात्रपाळी | गुरुवार, रात्री १२.१०

आंबिलीनं काहीही होत नाही. ताजी असेल तर पुढच्या येळवशीची वाट बघू नको. एक राहिलं: बाराव्याला कुणी लेकीला मध चाटवायला आलं तर अडव. वर्षाच्या आत मध नाही, सहा महिने अंगावरचं दूध सोडून काहीच नाही, घुटीसुद्धा नाही. आजीशी आणखी एक भांडण लावून देतेय, माफ कर.

---

तेरणाकाठची | शुक्रवार, संध्याकाळी ५.४०

मधाचं भांडण झालं. मी जिंकले नाही, आशाताई जिंकल्या.

येसर, मिठाच्या शेकाऐवजी भावानं रबरी पिशवी आणून दिली गरम पाण्याची. आजीनं आधी नाकं मुरडली, मग तपासायला म्हणून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून बघितली. कालपासून ती पिशवी तिच्याच गुडघ्यावर आहे, मागितली की "तुझ्या कळा थांबल्या की आता" म्हणते. दुसरी आणायला सांगितलीय. बाळंतशेपाही संपलाय. एसटी_डेपो, भावाला कागदावर लिहून दिलंय, झालरीसकट.

हुलगा, फोटो काढू देत नाही. दृष्ट लागते म्हणे डब्याला.